सिम्युलेटरमध्ये डोंगरलाट सापडत नाही? या चुका टाळा

भरपूर वारा लावला, ग्लायडर (उठणाऱ्या हवेवर तरंगणारं विमान) डोंगराच्या माथ्यावर नेलं, तरी व्हॅरिओमीटरचा, म्हणजे आपण किती वेगाने चढतो-उतरतो ते दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा शून्याच्या खालीच. असं झालं की आपण आधी जॉयस्टिकला शिव्या घालतो, मग सिम्युलेटरला. खरी चूक बहुतेक वेळा टेकऑफच्या आधीच, हवामान भरताना, झालेली असते.

उदाहरणाला एकच जागा घेतो. काँडॉर या ग्लायडिंग सिम्युलेटरसोबत स्लोव्हेनियाचा प्रदेश येतो, त्यातलं लेस्त्से हे छोटं विमानतळ. उंची साधारण ५०० मीटर. उत्तरेला आठेक किलोमीटरवर कारावांके रांग, आणि तिच्यावर २,२३६ मीटरचं स्टोल शिखर. रांग पूर्व-पश्चिम पसरलेली, त्यामुळे उत्तरेचा वारा तिला जवळजवळ काटकोनात आदळतो. लाटेसाठी, म्हणजे डोंगर ओलांडलेल्या हवेच्या वर-खाली उसळीसाठी, याहून सोयीची जागा शोधावी लागणार नाही.

लाट डोंगरावर शोधणं

कामशेतला पॅराग्लायडर टेकडीसमोर तासन्‌तास तरंगतात, तो उठाव वाऱ्यासमोरच्या उताराचा. वारा उताराला अडतो, वर चढतो, आपण त्यावर बसतो. माथ्याच्या थोडं वर गेलं की तो संपतो. लाट मात्र डोंगराच्या मागे तयार होते. पावसाळ्यात ओढ्यातल्या बुडालेल्या धोंड्यामागे पाणी उसळतं तसंच हे: पाणी वाहत राहतं, उसळी जागची हलत नाही. म्हणजे उत्तरेचा वारा असताना लाट कारावांकेच्या दक्षिणेला, आडोशाच्या बाजूला शोधायची. माथा ओलांडल्यावर आधी हवा खाली कोसळते. नवखे नेमके तिथेच घाबरून परत फिरतात.

फक्त जमिनीवरचा वारा भरणं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. चांगल्या लाटेला चार गोष्टी लागतात. माथ्याच्या पातळीवर निदान ४० किलोमीटर प्रतितास वारा हवा. त्याची दिशा रांगेच्या काटकोनापासून ३० अंशांपेक्षा फार ढळलेली नको. उंचीबरोबर वारा वाढायला हवा, पण दिशा तीच राहायला हवी. आणि माथ्याच्या आसपास हवेचा स्थिर थर हवा, म्हणजे वर ढकललेली हवा पुन्हा खाली ओढली जाईल. हा थर नसेल तर हवा एकदा उचलली जाते आणि तिथेच विषय संपतो. तापमानाचे थर भरता येत असतील तर माथ्याजवळ एक इन्व्हर्जन, म्हणजे वर जाताना तापमान वाढणारा थर, ठेवून बघा.

लेस्त्सेसाठी मी जमिनीवर ताशी २० किलोमीटर, माथ्यावर ५० आणि ४,००० मीटरवर ७५ च्या आसपास वारा ठेवतो, सगळा उत्तरेचा. वर गेल्यावर वारा पश्चिमेकडे वळवला तर खरं हवामान वाटतं खरं, पण लाट विस्कटते.

आता थोडं गणित. नेहमीच्या स्थिर हवेत ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वारा असेल तर लाटेची लांबी साधारण १२-१३ किलोमीटर येते. माथ्यापासून अर्धी लांबी हवा उतरते, पुढची अर्धी चढते. सर्वात जोरदार चढ पाऊण लांबीवर, म्हणजे नऊ-साडेनऊ किलोमीटरवर. लेस्त्से आठ किलोमीटरवर आहे! धावपट्टीच्या थोडं दक्षिणेलाच शोध सुरू करायचा. पण वारा सेकंदाला ३० मीटर केला की लांबी १९ किलोमीटरच्या घरात जाते आणि चढ १४ किलोमीटरवर सरकतो. काल सापडलेली जागा आज रिकामी का, याचं उत्तर बहुधा हेच. सिम्युलेटर हा हिशोब आपल्या परीने सोपा करून घेतो, म्हणून आकड्यावर हटून बसू नका, दोन-तीन किलोमीटर पुढेमागे चाचपा.

थर्मलसारखं गोल फिरणं

थर्मल (तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा) वाऱ्याबरोबर सरकतं, म्हणून त्यात गोल फिरणं चालतं. लाट जागेवर उभी असते. एका फेरीला ३० सेकंद धरले तर सेकंदाला २० मीटरच्या वाऱ्यात तुम्ही फेरीगणिक ६०० मीटर मागे ढकलले जाता. दहा फेऱ्यांत सहा किलोमीटर. म्हणजे अर्धी लाट पार, आणि चढणाऱ्या हवेतून सरळ उतरणाऱ्या हवेत. मी स्वतः सुरुवातीला हे इतक्यांदा केलं की पाचव्या मिनिटाला काटा उलटा फिरणं हा प्रोग्रॅममधला दोष आहे असंच वाटायचं.

नाक वाऱ्याकडे ठेवा. वारा आणि तुमचा वेग जवळजवळ सारखा झाला तर जमिनीवरची एक खूण धरून जागेवरच थांबता येतं. वारा कमी असेल तर रांगेला समांतर फेऱ्या मारा, प्रत्येक वळण वारा येतो त्या बाजूला घ्या.

टोचा (वर ओढून नेणाऱ्या विमानाचा) दोर लवकर सोडणं

लाटेच्या शिखराखाली, साधारण माथ्याच्या उंचीपर्यंत, रोटर असतो: उलटसुलट फिरणारी खवळलेली हवा. ६०० मीटरवर दोर सोडला तर तुम्ही बरोबर त्याच्या तोंडी. टोची उंची वाढवा. धक्के नकोत म्हणून टर्ब्युलन्स पूर्ण बंद करणं ही उलटी चूक. रोटर कळलाच नाही तर त्याच्या पुढची लाट कुठे सुरू होते हेही कळत नाही.

ढगाच्या पोटाखाली जाणं

मसुरीच्या डाळीसारखे लेंटिक्युलर ढग दिसले की लोक थेट त्यांच्याखाली धावतात. उठाव असतो ढगाच्या वाऱ्याकडच्या कडेला. मागच्या कडेला हवा उतरत असते. १९३३ मध्ये जर्मन ग्लायडर पायलट वोल्फ हिर्थने रीझेनगेबिर्गे (आजच्या पोलंड-चेक सीमेवरच्या) डोंगरांमागे अशाच लाटेत उंची गाठली. तिथे ठरावीक जागी उभ्या राहणाऱ्या ढगाला स्थानिक लोकांनी मोआझागोटल हे नावच दिलं होतं. सिम्युलेटरमध्ये मात्र ढगाचं चित्र आणि हवेचं गणित जुळेलच असं नाही. ढगाने फसवलं तर काट्यावर विश्वास ठेवा.

लाट आहे की नाही हेच न तपासणं

काही सिम्युलेटर उतारावरचा उठाव मोजतात, मागची लाट मोजत नाहीत. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये डीजी-१००१ई आणि एलएस८ ही ग्लायडर आली, पण ग्लायडर आलं म्हणजे लाट आली असं धरून चालू नका. चाचणी सोपी आहे. हवेतच, ३,००० मीटरवर, रांगेच्या माथ्यापासून सुरुवात करा. वेग ताशी ११० ठेवून वाऱ्याबरोबर सरळ २० किलोमीटर जा. सातेक मिनिटं लागतात. दर किलोमीटरला व्हॅरिओचा आकडा लिहा. खाली, वर, पुन्हा खाली असं दिसलं तर लाट आहे. आकडा ग्लायडरच्या स्वतःच्या घसरणीवर, सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास, स्थिरावला तर नाही. मग तास वाया घालवू नका. चाचणीभर स्टिक हलवू नका, नाहीतर व्हॅरिओ तुमच्याच हाताचा आकडा दाखवेल.

उंच गेल्यावर वेगाचंही भान ठेवा. ६,००० मीटरवर वेगाचा काटा ताशी २०० दाखवत असेल तर खरा वेग २७० च्या पुढे असतो, आणि पंख फडफडायला लागण्याचा धोका खऱ्या वेगाशी बांधलेला असतो. कमाल वेगाचा आकडा उंचीबरोबर कमी होतो, तो तक्ता जवळ ठेवा.

राहिला नेहमीचा प्रश्न: लोणावळ्याला पावसाळ्यात लाट का मिळत नाही? वारा जोरदार, घाट काटकोनात, सगळं जुळल्यासारखं वाटतं. पण मान्सूनचा पश्चिमी वारा दीडेक किलोमीटर उंचीवर सर्वात जोरदार असतो, वर मंदावत जातो आणि त्याहून वर पूर्वेकडून वाहू लागतो. लाट तिथून पुढे चढू शकत नाही. शिवाय घाटमाथ्यामागे दरी नाही, पठारच आहे. तरी करून बघायचं असेल तर बघा, फक्त ढगात काहीही दिसणार नाही.