लोरा मॉड्यूलची रेंज नीट कशी मोजायची

लोरा म्हणजे कमी पॉवरवर थोडासा डेटा लांबपर्यंत पाठवणारी रेडिओ पद्धत. तिच्या मॉड्यूलच्या विक्रीच्या पानावर छापलेला दहा-पंधरा किलोमीटरचा आकडा मध्ये काहीच आडवं नसतानाचा असतो. आपल्याला वेगळंच कळायला हवं: विहिरीवरच्या मोटारीपासून घरापर्यंत, आपल्याच अँटेनाने, शंभरातली किती पॅकेटं (एका वेळी पाठवलेले छोटे संदेश) पोचतात आणि सिग्नल तुटायला अजून किती वाव उरतो.

मॉड्यूल घेतानाच फ्रिक्वेन्सीचा पट्टा बघून घ्या. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येतो, म्हणून एसएक्स१२७६ चिपचं आरएफएम९५डब्ल्यू (८६८ चं) किंवा रा-०१एच घ्यावं. सगळीकडे स्वस्तात मिळणारं रा-०२ हे ४३३ चं असतं. तिथली सूट घरातल्या अगदी कमी पॉवरच्या वापरापुरतीच आहे, त्यामुळे शेतासाठी ते नको.

मॉड्यूल चालवायला बोर्ड म्हणून दोन ईएसपी३२ (छोटे प्रोग्रॅम करता येणारे बोर्ड) सोयीचे, कारण त्यांच्या पिना ३.३ व्होल्टच्या. आर्डुइनो ऊनो बोर्डाच्या पिना ५ व्होल्टच्या असतात, त्या थेट जोडल्या तर मॉड्यूल जाऊ शकतं. जोडणी (आधी मॉड्यूलची पिन, मग ईएसपी३२ चा पिन-क्रमांक): एससीके १८, मिसो १९, मोसी २३, एनएसएस ५, रीसेट १४, डीआयओ-० २६. पॉवरच्या पिनांना अगदी चिकटून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. पूर्ण पॉवरला मॉड्यूल सुमारे १२० मिलिअँप ओढतं. सप्लाय अशक्त असेल तर नेमकं पॅकेट पाठवतानाच बोर्ड रीसेट होतो आणि दोष मात्र रेंजवर येतो. अँटेना लावल्याशिवाय कधीही ट्रान्समिट करू नका. तारेची अँटेना करायची असेल तर ८.२ सेंटिमीटर सरळ तार पुरते.

आर्डुइनोच्या ‘लोरा’ लायब्ररीत दोन्हीकडे हुबेहूब एकच सेटिंग ठेवा: ८६६ मेगाहर्ट्झ, स्प्रेडिंग फॅक्टर (हा वाढवला की पॅकेट हळू जातं, पण जास्त लांब पोचतं) ९, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, कोडिंग रेट ४/५, पॉवर १४ डीबीएम. सीआरसी (पॅकेट बिघडलंय का हे पकडणारा तपास-आकडा) या लायब्ररीत आपोआप चालू नसतो, तो चालू करा, नाहीतर फाटकी पॅकेटंही मोजली जातात. मॉड्यूल सुरूच होत नसेल तर आधी एनएसएस आणि रीसेटच्या तारा तपासा.

पाठवणाऱ्याने दर २ सेकंदांनी १२ बाइटचं पॅकेट सोडायचं, त्यात वाढता क्रमांक. या सेटिंगला एक पॅकेट साधारण १४४ मिलिसेकंद हवेत असतं. स्प्रेडिंग फॅक्टर १२ केला तर तेच सव्वा सेकंदाच्या आसपास जातं, मग मधलं अंतर वाढवा. घेणाऱ्याने क्रमांक, आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर किंवा खाली आहे ते) छापायचे. ओटीजी केबलने ते फोनवर नोंदवता येतात. क्रमांकांतली गळती म्हणजेच हरवलेली पॅकेटं.

एकाच टेबलावर दोन्ही ठेवून पूर्ण पॉवरला तपासू नका, अती जोरदार सिग्नलने रिसीव्हर गुदमरतो. पॉवर २ डीबीएमवर आणून पाच-सहा मीटरवरून जोडणीची खात्री करा, मग पुन्हा १४ करून बाहेर पडा.

पाठवणारा गच्चीवर, जिथे तो कायमचा बसणार आहे तिथेच ठेवा. रिसीव्हर हातात धरू नका. अंग सिग्नल खातं. दोन मीटरच्या पीव्हीसी पाइपच्या टोकाला बांधा, दोन्ही अँटेना उभ्या. पॉवर बँक वापरत असाल तर कमी करंटला ती स्वतःहून बंद पडत नाही ना, हे घरीच बघा. पॅकेटं थांबली की रेंज संपली असं वाटतं, आणि खरं तर गच्चीवरची पॉवर बँक झोपलेली असते. प्रत्येक थांब्यावर ५० पॅकेटं घ्या आणि तेवढ्या वेळात पाइप हळूहळू अर्धा मीटर इकडे-तिकडे सरकवा. या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर आहे, त्यामुळे भिंतींवरून परावर्तन होतं तिथे पाव मीटरवरसुद्धा सिग्नल एकदम पडतो.

आता आकड्यांकडे. दूर गेल्यावर आरएसएसआय −११५ च्या आसपास येऊन अडकल्यासारखा वाटेल. तिथे मॉड्यूल गोंगाटच मोजत असतं. एसएनआर ऋण असेल तर तो आरएसएसआयमध्ये मिळवा, म्हणजे पॅकेटची खरी पातळी मिळते. ही लायब्ररी ते करून देत नाही. स्प्रेडिंग फॅक्टर ७ ला एसएनआर −७.५ पर्यंत चालतो, ९ ला −१२.५, १२ ला −२०. कायमच्या जोडणीसाठी या मर्यादेच्या किमान १० डीबी वर असलेली जागाच धरावी. उन्हाळ्यात मोकळ्या शेतात घेतलेला आकडा ऊस डोक्यावर गेला की टिकत नाही.

वाव कमी पडला तर स्प्रेडिंग फॅक्टर वाढवण्याआधी अँटेना उंच करा. २ किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे १३ मीटर त्रिज्येची जागा मोकळी लागते. सगळी मिळत नाही, पण निम्म्याहून जास्त मिळाली तरी बरंच साधतं, आणि खांब दोन-तीन मीटरने वाढवल्याचा फरक पुढच्याच ५० पॅकेटांत दिसतो.