पावसातला फोर्ट, तैलरंगात

पावसातला दादाभाई नौरोजी रोड मी दरवर्षी रंगवतो आणि दरवर्षी पहिली चूक तीच: सीएसएमटीचा घुमट फार स्पष्ट काढतो. लांबचं धूसर ठेवलं की निम्मं वातावरण आपोआप येतं.

१२ बाय १६ इंचांचा कॅनव्हास पुरे. पांढऱ्यावर थेट सुरू करू नका. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासवर रंगाचा एक हात फिरवा नि चिंधीनं पुसा. मग डोळे बारीक करून बघा. कमानी, बस, माणसं विरघळून तीन-चार गडद-फिके आकार उरतील, तेवढेच मांडा.

करडा ट्यूबमधून नको, निर्जीव दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून त्यात पांढरा घाला. लांबच्या इमारतींना निळा जास्त, जवळच्या कमानींना सिएना. घुमटाची कड आकाश ओलं असतानाच कोरड्या ब्रशनं आकाशात ओढून घ्या.

खरी मजा रस्त्यात. दिव्यांची प्रतिबिंबं आधी सरळ खाली ओढायची, मग रुंद ब्रश हलक्या हातानं एकदाच आडवा. दोनदा फिरवलात की चिखल. (मी तीनदा फिरवतो, मग सुरीनं खरवडत बसतो.)

छत्र्या शेवटी, दोन फटक्यांत. टॅक्सीच्या टपाचा पिवळा थेंबभर जवसाचं तेल घालून जाड लावा. खालचे थर पातळ, वरचे तेलकट, नाहीतर पुढे तडे जातात. आणि पिवळी टॅक्सी एकच.