चहाचं भांडं घेताना आणि वापरताना या चुका टाळा

चहा बिघडला की आपण पावडर बदलतो, नाहीतर दूधवाल्याला बोलतो. भांड्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बाहेरची चकाकी आणि किंमत पाहून पातेलं घरी येतं, पण चहाला लागते ती त्याची आतली बाजू. पारख तिचीच करायला हवी.

ॲल्युमिनियम चकचकीत घासणं

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो आणि तो चहाला धातूपासून वेगळं ठेवतो. राखेनं किंवा तारेच्या घासणीनं खसाखसा घासलं की तो निघून जातो. मग त्याच पातेल्यात लिंबाचा चहा किंवा चिंचेचं सार उकळलं की धातू आंबटात उतरतो. आतून काळपट झालेलं पातेलं घाण नसतं. मऊ घासणी वापरा आणि आंबटासाठी स्टील ठेवा. तळाला बारीक खड्डे पडले असतील तर ते भांडं चहातून बाद करा.

बिनमार्काची, भंगार वितळवून ओतलेली भांडी मात्र घेऊच नयेत, त्यात शिसंही असू शकतं. बेळगावच्या गणपत गल्लीत घ्या नाहीतर निपाणी-चिकोडीच्या आठवडी बाजारात, आयएसआय मार्क बघूनच घ्या. स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो सक्तीचा करणारा आदेश केंद्रानं 2024 मध्ये काढला. ॲल्युमिनियमसाठी मानक आयएस 1660, स्टीलसाठी आयएस 14756.

लोहचुंबकावर विसंबणं

‘चुंबक चिकटत नाही, म्हणजे 304 ग्रेडचं स्टील’ हे अर्धवट ज्ञान आहे. सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेल्या 304 ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण स्वस्तातल्या 202 लाही तो चिकटत नाही. उलट 430 ला चिकटतो आणि तेही खाण्यापिण्याच्या भांड्यांना चालतं. छापलेला ग्रेड वाचा, आणि त्याहून जास्त बूड तपासा. पातळ बुडाला जिथे आच लागते तिथेच दूध धरतं आणि चहाला करपट वास येतो. रोजच्या दुधाच्या चहाला जाड बुडाचं स्टील हीच आमची पहिली पसंती.

मापही चुकतं. चार कप म्हणजे साधारण 600 मिली चहा, त्याला सव्वा ते दीड लिटरचं पातेलं हवं. काठोकाठ भरलं की उतू जाणारच.

कल्हई गेलेलं पितळ

आतून पिवळेपणा दिसू लागला की त्या पातेल्यात चहा ठेवू नका, लिंबाचा तर नाहीच; तो कळकतो. कल्हई म्हणजे कथील आणि ते 232 अंशांना वितळतं. त्यामुळे रिकामं पातेलं गॅसवर राहिलं तर कल्हई जागच्या जागी ओघळते. कल्हई करून घेताना कथिलाची पट्टी आधी पांढऱ्या कागदावर ओढून बघा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर त्यात शिसं मिसळल्याचा संशय धरा आणि परत पाठवा.

गुळाचा चहा फाटला की पातेल्याला दोष देणं

आपल्या भागात ऊस आणि गूळ घरचा, म्हणून ही तक्रार नेहमीची. गूळ किंचित आम्ल असतो, जुना आणि पाणी सुटलेला गूळ जास्तच. उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटतं, मग भांडं कुठलंही असो. पाणी, पावडर, आलं आणि गूळ एकत्र उकळा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा. दूध वेगळं तापवून शेवटी ओता आणि पुन्हा उकळी आणू नका. एवढं करूनही फाटत असेल तर मात्र पातेल्याच्या काठाखाली आणि गाळणीच्या जाळीत अडकलेला आंबट साका शोधा.

काच आणि माती

साधी काच एकदम तापली की तडकते. बोरोसिलिकेट काच तिच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून टिकते; किटली घ्यायची तर तीच. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची माती कुंभारकामाला नावाजलेली, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम संस्थाही तिथेच आहे. पण बिनझिलईचा कप दूध शोषतो आणि दुसऱ्या दिवशी वास मारतो, तेव्हा तो एकदाच वापरा. झिलई असेल तर आतून भडक लाल-पिवळी नको. अशा रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं.

पार्सलचा चहा

पातळ पिशवीत उकळता चहा बांधून आणायची सवय सोडा, स्टीलची किटली न्या. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 85 ते 90 अंशांचं 100 मिली पाणी अशा कपात 15 मिनिटं ठेवलं, तेव्हा त्यात सुमारे 25,000 सूक्ष्म प्लास्टिककण आढळले. मेलामाइनचे मगही 70 अंशांहून गरम चहाला नकोत.

बोअरचं पाणी आणि इलेक्ट्रिक किटली

पाणी जड असेल तर तळाला पांढरी खपली बसते, पाणी तापायला वेळ लागतो आणि चहावर तवंग येतो. स्टीलच्या किटलीत लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून उकळा, अर्धा तास तसंच ठेवा, मग दोनदा साधं पाणी उकळून फेकून द्या. दूध या किटलीत कधीच तापवू नका, ते तळाला करपतं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला हा लिंबूसत्त्वाचा उपाय चालत नाही.