तत्त्व समजून घेताना कोणता प्रश्न विचारावा

भौतिकशास्त्रातले तत्त्व, न्यायशास्त्रातले तत्त्व आणि हिशेबातले तत्त्व यांचे अधिकार सारखे नसतात. म्हणून कोणतेही तत्त्व पाठ करण्याआधी एक प्रश्न विचारावा: हे तत्त्व मोडलेले दिसले, तर चूक कोणाची ठरते?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघणारी लाँच प्रवासी चढतील तशी पाण्यात खाली जाते आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन लाँच, माणसे व सामान यांच्या एकूण वजनाइतके झाले की स्थिरावते. हे आर्किमिडीजचे तत्त्व आहे आणि ते पाळावे की नाही, हे तांडेलाच्या हातात नाही. आकडे जुळले नाहीत, तर आधी आपली मोजणी तपासावी आणि ती बरोबर निघाली, तर ते तत्त्व कोणत्या अटींवर उभे आहे ते पाहावे. त्यासाठी त्यामागचे कारण ठाऊक हवे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणून वस्तूला खालून वर ढकलणारा जोर वरून दाबणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो. एवढे कळले, की तळाच्या चिखलात घट्ट रुतलेल्या आणि खाली पाणीच न शिरलेल्या वस्तूला हे सूत्र जसेच्या तसे का लावता येत नाही, तेही उमगते. माझ्या मते विद्यार्थ्यांना विधानाइतक्याच आग्रहाने या अटी शिकवायला हव्यात.

न्यायात उत्तर वेगळे मिळते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व कोणी मोडले, तर तत्त्व खोटे ठरत नाही. निर्णय सदोष ठरतो. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये पालिकेला विनानोटीस अतिक्रमण हटवण्याची मुभा देणारे कलम वैध ठरवले, मात्र नोटीस देणे हाच नियम आणि न देणे हा अपवाद, असा त्याचा अर्थ लावला. अशा ठिकाणी अपवाद कोण ठरवतो आणि त्याची कारणे त्याला द्यावी लागतात का, हे आवर्जून पाहावे.

हिशेबातली तत्त्वे माणसांनी ठरवून स्वीकारलेली असतात. वर्षअखेर उरलेला माल खरेदी खर्च आणि विकून हाती येणारी निव्वळ रक्कम यांपैकी कमी असेल त्या किमतीने धरतात, ते सावधगिरीच्या तत्त्वामुळे. येथे सर्वांची पद्धत एक असली, तरच दोन पेढ्यांचे ताळेबंद शेजारी ठेवून वाचता येतात.

राज्यघटनेच्या चौथ्या भागातली मार्गदर्शक तत्त्वे मात्र या प्रश्नाला सर्वांत अवघड उत्तर देतात. अनुच्छेद 37 नुसार ती न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत, तरीही देशाच्या कारभारासाठी मूलभूत मानली आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. त्यामुळे ती दुर्लक्षिली गेली, तर जाब विचारण्याची जागा मुख्यतः विधिमंडळ, संसद आणि मतदान ही राहते.