लहान घरासाठी मिनी पीसी घेताना

ठाण्यातील वन बीएचकेमध्ये संगणकाच्या मोठ्या कॅबिनेटला जागा नसेल, तर मॉनिटरच्या पाठीमागील १०० मिलिमीटर अंतराच्या छिद्रांवर स्क्रूने बसणारा मिनी पीसी सोयीचा ठरतो. किंमत पाहण्यापूर्वी मात्र काम ठरवावे. अभ्यास, हिशेब आणि ब्राउझर एवढ्यासाठी इंटेल एन१०० हा चार कोअरचा, ६ वॉट टीडीपीचा (टीडीपी म्हणजे उष्णतेचे व वीजवापराचे माप) प्रोसेसर पुरेसा आहे; व्हिडिओ एडिटिंगसाठी तो घेऊ नये.

रॅमकडे, म्हणजे चालू कामासाठीच्या तात्पुरत्या मेमरीकडे, सर्वांत बारकाईने पाहावे. विंडोज ११ची किमान अट ४ जीबीची असली, तरी ८ जीबीच्या खाली जाणे म्हणजे रोजची कटकट विकत घेणे होय. एन१००ला रॅमशी जोडणारा एकच मार्ग (चॅनल) असल्याने रॅम बसवायला बहुधा एकच खाच (स्लॉट) मिळते, आणि काही यंत्रांत तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. म्हणून ती पुढे वाढवता येईल का, हे दुकानदाराला आधीच विचारावे. स्टोरेज एसएसडीच (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारे) असावे.

मिनी पीसीत लॅपटॉपसारखी बॅटरी नसते, त्यामुळे छोट्या यूपीएसचा खर्च हिशेबात धरावा. पंखा नसलेले मॉडेल आवाज करत नाही (घोडबंदर रोडलगत राहणाऱ्यांसाठी धूळ कमी ओढणे हाही फायदाच), परंतु ते बंद कपाटात ठेवू नये. मॉनिटर आणि कीबोर्डही नवे घ्यायचे असल्यास एकूण बेरीज लॅपटॉपच्या किमतीशी ताडून पाहावी.