मृगाच्या आधी कोठीत डोकावा

रोहिणी लागल्या की घरोघरी वाळवणं आवरायची घाई सुरू होते. त्या घाईतच तुरीचं, हरभऱ्याचं, मुगाचं पोतं एकदा सोडून बघा. तूर घरात येऊन चार-पाच महिने झाले, हरभऱ्याला दोन-तीन. मृग बरसायला लागला की उन्हं मिळत नाहीत, आणि त्या उबदार दमट हवेत कडधान्यातल्या भुंग्याची नवी पिढी महिनाभरात तयार होते.

पोत्यावर वरवर नजर टाकून काही कळत नाही. मूठभर तूर तळहातावर घ्या, उजेडात एकेक दाणा फिरवून बघा. सालीवर चुन्याचा बारीक शिंतोडा वाळल्यासारखा पांढरा ठिपका दिसला, तर ते भुंग्याचं अंडं. ते इतकं घट्ट चिकटलेलं असतं की पाखडून जात नाही. अळी अंड्याच्या तळातूनच सरळ दाण्यात शिरते, म्हणून बाहेर भोक दिसत नाही. आतला गर खाऊन ती सालीपर्यंत येते आणि तिथे पातळ, गोल, धुरकट डाग दिसू लागतो. भुंगा ते झाकण ढकलून बाहेर पडतो. गोल भोक दिसलं म्हणजे अळीचं जेवण केव्हाच उरकलेलं असतं. बाहेर पडलेला तपकिरी, आखूड पंखांचा भुंगा दाणा खात नाही. आठ-बारा दिवसच जगतो, पण तेवढ्यात मादी 80 ते 100 अंडी घालते.

ही कीड पुष्कळदा शेतातूनच घरी येते. वाळत आलेल्या शेंगांवर भुंगे अंडी घालतात. बाकीची येतात गेल्या वर्षीच्या बारदानाच्या शिवणीतून. म्हणून पोती उलटी करून उन्हात टाका, कोठीच्या भेगा लिंपून घ्या आणि जुन्या धान्यावर नवं ओतू नका.

आता उपाय. कडक उन्हाच्या दिवशी जमिनीवर गोणपाट, त्यावर काळं प्लॅस्टिक पसरा. कडधान्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर द्या, वर पारदर्शक प्लॅस्टिक घालून कडा मातीने दाबून टाका. दुपारी दोन-तीन तासांत आत साठ अंशांच्या आसपास तापतं. 57 अंशांत तासभर गेला तरी अंडी, अळ्या, भुंगे सगळे मरतात. नुसत्या अंगणातल्या उन्हाने भुंगे पळतात, दाण्यातली अळी मात्र बहुधा टिकते. बियाणं असेल तर इतकं तापवायच्या भानगडीत मी पडणार नाही. ते नेहमीसारखं वाळवून हवाबंद ठेवावं.

उन्हातून काढलेलं धान्य रात्रभर निवू द्या आणि मगच भरा. एका वर्षी आम्ही पाहुणे यायचे म्हणून गहू गरम गरमच पत्र्याच्या कोठीत ओतला. आठ दिवसांनी झाकणाखाली घाम फुटलेला, वरच्या थराला कुबट वास, आणि महिन्याभरात सोंडेच सोंडे. कडधान्यात ओल 8 ते 10 टक्के, धान्यात 10 ते 12 टक्क्यांहून जास्त नको. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे. दबला तर अजून एक ऊन द्या.

खायच्या तुरीची शक्य तेवढी डाळ आत्ताच करून घ्या. हा भुंगा अंडी घालायला सालीसकट गुळगुळीत दाणा शोधतो, डाळीकडे सहसा वळत नाही. मूग, मटकी, चवळी अख्खीच लागते. तिला किलोला 5 मिली एरंडेल किंवा शेंगदाण्याचं तेल दोन्ही हातांनी चोळा. प्रत्येक दाणा चकाकला पाहिजे. तेलाने अंड्याचा श्वास कोंडतो. कडुलिंबाचा पाला घालायचा तर कुरकुरीत वाळलेलाच. ओला पाला म्हणजे आपणच पोत्यात ओल घालणं, आणि एकट्या पाल्यावर तर मी भिस्त ठेवत नाही.

गहू, ज्वारी, तांदळातले सोंडे वेगळे. पुढे लांब सोंड, पाठीवर चार फिकट ठिपके. तेही दाण्याच्या आतच वाढतात. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. मध्ये ऊब लागली की कीड कामाला लागली असं समजा. चाळून, ऊन देऊन निववा आणि डबा काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते.

रवा, मैदा, बेसन यांत दिसतो तो तांबूस, चपटा, तीन-चार मिलिमीटरचा भुंगेरा. अख्खा दाणा त्याला जड जातो, चुरा-पीठ आवडतं. फार वाढला की पिठाला उग्र वास येतो; ते पीठ चाळून वापरू नका, टाकाच. पावसाळ्यात पीठ महिन्याचं न दळता आठवड्याचं दळा. रवा भाजून ठेवायची आजीची रीत यासाठीच होती. फ्रीजरमध्ये जागा असेल तर पुडा चार दिवस तिथे राहू द्या. हळकुंड, धने, मिरचीतही एक बारीक गोल तपकिरी भुंगा लागतो. मसाला कुटण्याआधी हळकुंड मोडून बघा, आत भुगा निघाला तर बाजूला काढा.

रिकाम्या कोठाराच्या भिंतींना मॅलॅथिऑन 50 ईसी हे पाण्यात मिसळायचं कीटकनाशक, लिटरभर पाण्याला 10 मिली, फवारायला हरकत नाही. खायच्या धान्यावर मात्र कुठलंही कीटकनाशक नको, आणि पाऱ्याच्या गोळ्या, बोरिक पावडर हेही नको, शेजारी कितीही सांगोत.

ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कुणी ‘दोन टाक पोत्यात’ म्हणून दिल्या तर घरात आणूच नका. हवेतल्या ओलीनेच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात. त्यावर उतारा नाही. म्हणूनच त्यांच्या विक्रीवर निर्बंध आहेत. कुणी आधीच टाकल्या असतील तर पोत्याला हात लावू नका, गोळ्यांवर पाणी ओतू नका. दार उघडं टाकून सगळ्यांना लगेच बाहेर काढा. कुणाला मळमळ, धाप, छातीत दुखणं जाणवलं तर गोळीचं नाव सांगत थेट दवाखाना गाठा.