डिस्कस काळा पडला की आधी बादली, मग औषध

आमच्या घरात मासा आजारी आहे हे सगळ्यात आधी सासूबाईंना कळतं. मी सकाळी सातला लॅबला निघते. त्या दिवसभर टँकसमोरच्या खुर्चीत असतात. गेल्या जुलैत दुपारी त्यांचा फोन आला. "अगं, शेंदऱ्या आज जेवायला पुढे आला नाही. भिंतीकडे तोंड करून उभाय."

शेंदऱ्या म्हणजे आमचा सहा इंची रेड टर्क्वाइज जातीचा डिस्कस, ताटलीसारखा चपटा रंगीत मासा, टँकमधला दादा. दाणे पडले की सगळ्यांना बाजूला सारून तो आधी येतो. तो आला नाही आणि काचेऐवजी मागच्या भिंतीकडे बघत राहिला, म्हणजे पोटात काहीतरी बिघडलंय, हे माझ्या फोनवरच लक्षात आलं.

ही समज मला फुकट मिळालेली नाही. डिस्कस पाळायला लागले त्या पहिल्या वर्षी पाचांपैकी दोन मासे काळे पडले. मी घाबरून दुकानातून तीन बाटल्या आणल्या आणि एका संध्याकाळी तिन्ही ओतल्या. सकाळी चार मासे तळाशी आडवे होते. त्या पाण्याची अमोनिया टेस्ट मी मासे गेल्यावर केली, आणि तिथे सगळं कळलं. तीस अंशांच्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी, त्यात औषधांचा मारा, फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मेलेले आणि म्हणून अमोनिया चढलेला. मूळ आजाराने कदाचित एकही गेला नसता. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मासा काळवंडलेला दिसला की औषधाच्या खोक्याला हात लावू नका. दहा मिनिटं खुर्ची ओढून बसा आणि बघा. पंख अंगाला चिकटलेत का? डोक्यामागचा भाग खपाटीला गेलाय का? दाणा तोंडात घेऊन थुंकतोय का? एकच कल्ला हलतोय आणि दुसरा मिटलेला आहे का? मिनिटाला कल्ले किती वेळा हलतात ते मोजा. मासे ठणठणीत असतानाच हा आकडा वहीत लिहून ठेवलेला असला, तर आज त्याच्याशी ताडून बघता येतो. आणि एक लक्षात ठेवा, त्रासात डिस्कसच्या अंगावर एरवी जे उभे काळे पट्टे उमटतात, ते पिजन ब्लड जातीत उमटतच नाहीत. तो मासा पूर्ण काळा पडण्याची वाट बघू नका. त्याच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके वाढले, तीच त्याची तक्रार.

मग बादली. हीटरचा प्लग काढा, नाहीतर पाणी उतरल्यावर तापलेली काच तडकते. अर्धं पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं, क्लोरीन उडालेलं. मी ड्रममध्ये चोवीस तास एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवते, आणि घाई असली तर अँटी-क्लोरीन घालते. बदलण्याआधी एका बाटलीत जुनं पाणी काढून ठेवा आणि अमोनिया, नायट्राइट, पीएच तपासा. अमोनिया आणि नायट्राइट ही माशांच्या घाणीतून तयार होणारी विषं, ती शून्यच हवीत, "थोडासा आहे" चालत नाही.

नाशिकला आमच्याकडे गंगापूर धरणाचं पाणी येतं. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की महापालिका क्लोरीन आणि तुरटी वाढवते, आणि नळाला तोंड लावलं तरी वास येतो. उन्हाळ्यात उलटी गत. सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतं आणि पीएच एकदम वर जातो. पीएच आणि तापमान वाढलं की पाण्यातला तोच अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो. काल ज्या पाण्यात मासा मजेत होता, त्यात आज तो धापा टाकतो. अशा वेळी औषधाचा काहीच उपयोग नसतो. सलग तीन दिवस थोडं थोडं पाणी बदललं की बहुतेक मासे आपणच उजळतात. माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त "आजारी" माशांना बादलीपलीकडे काही लागलेलं नाही.

तीन दिवसांत फरक पडला नाही, किंवा एकच मासा आजारी आहे आणि बाकीचे ठीक आहेत, तर त्याला वेगळा करा. माझा हॉस्पिटल टँक दोन फुटी, तळाला वाळू नाही, झाडं नाहीत. मोठ्या टँकमध्ये कायम एक जादा स्पंज फिल्टर चालू ठेवते, तोच उचलून इथे लावते, म्हणजे जिवाणू तयार मिळतात. तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवते, कारण डिस्कस कळपातला मासा आहे, एकटा पडला की सावलीलाही दचकतो. पाणी मोजून भरा. वीस लिटरच्या दोन बादल्या म्हणजे चाळीस लिटर, काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा. टँकवर लिहिलेल्या लिटरवर औषधाचा हिशोब करू नका. माझा चार बाय दोन बाय दोनचा टँक हिशोबाने साडेचारशे लिटरचा, पण वरची मोकळी जागा सोडून त्यात वीसच बादल्या मावतात.

आता विष्ठा. निरोगी डिस्कसची विष्ठा गडद आणि आखूड असते, पटकन तुटून पडते. पांढरी, चिकट, दोऱ्यासारखी लोंबत राहिली की आतड्यातला परजीवी, हेक्झामिटा किंवा त्याचा भाऊबंद स्पायरोन्यूक्लियस, हा पहिला संशय. मात्र नुसता उपाशी मासाही पांढरी शी करतो. म्हणून पांढरी विष्ठा, न खाणं आणि काळा रंग, तिन्ही एकत्र दिसल्याशिवाय मी औषध सुरू करत नाही.

माझ्याकडे घरी एक जुना मायक्रोस्कोप आहे, लॅबने नवा घेतल्यावर मी विकत घेतलेला. शेंदऱ्याची विष्ठा ड्रॉपरने ओढली, स्लाइडवर टँकच्याच पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप. आधी दहाची लेन्स, मग चाळीसची. नमुना अगदी ताजा हवा, तासाभराने बघून काही दिसत नाही. सुरुवातीला नुसता चिकट पसारा दिसला. मग नजर बसली आणि कडेला तापलेल्या तेलातल्या मोहरीसारखं काहीतरी तडतडताना दिसलं. पेरूच्या आकाराचे इवलेसे जीव, एकही जागेवर नाही. सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "एवढे सगळे त्याच्या पोटात? मग तो जेवणार कसा गं?"

यावर औषध मेट्रोनिडाझोल. माणसांच्या जुलाबावर देतात तेच. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे, तेव्हा जवळच्या पशुवैद्यांना माशाचा व्हिडिओ दाखवून चिठ्ठी घ्या. मी वापरते ती मात्रा चाळीस लिटरला ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, म्हणजे दोन बादल्यांना एक. गोळी खलात कुटून कोमट पाण्यात कालवायची, वरचं आवरण विरघळत नाही म्हणून चहाच्या गाळणीने गाळायची. रोज संध्याकाळी अर्धं पाणी बदलून पुन्हा एक गोळी, असे सात दिवस. उजेडात हे औषध टिकत नाही, म्हणून दिवा बंद. मासा थोडं जरी खात असेल, तर खाण्यातून दिलेलं औषध जास्त लागू पडतं, कारण दुखणं आतड्यात आहे. चाळीस ग्रॅम कोळंबीच्या खिम्यात एक गोळी कालवून फ्रीजरमध्ये पातळ थापून ठेवा आणि रोज नखाएवढा तुकडा द्या. पाचव्या दिवशी मासा खायला लागला म्हणून औषध थांबवू नका.

सोबत तापमान २९ वरून ३२ अंशांवर न्यायचं, दर पाच-सहा तासांनी एक अंश. एअर पंप पूर्ण सोडायचा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. वीज जाण्याचा भाग असेल तर बॅटरीवरचा पंप घरात हवाच.

पण इथेच मोठा धोका आहे. "मासा आजारी, हीटर वाढव" हे जो तो सांगतो. पोटातल्या परजीवीला आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराला ते ठीक. पण पाठीवर खोगीर घातल्यासारखा राखाडी पट्टा, तोंडाभोवती कापसासारखं पांढरं, पंख कडेने झिजत चाललेत, असं दिसलं तर तो कॉलमनॅरिस हा जिवाणू असू शकतो आणि तो उष्णतेने भराभर फोफावतो. अशा माशाचं पाणी ३२ वर नेलं तर एका रात्रीत तो हातचा जातो. तिथे तापमान हळूहळू २७-२८ वर आणा, पाणी स्वच्छ ठेवा, आणि अँटिबायोटिक पशुवैद्यांना विचारल्याशिवाय घालू नका.

एकच कल्ला हलतोय, मासा स्पंजला अंग घासतोय, मान झटकतोय, म्हणजे कल्ल्यातल्या कृमी. यावर प्राझिक्वान्टेल, लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस लिटरला ८० मिलिग्रॅम. ते पाण्यात नीट विरघळत नाही; मी थोड्या इथेनॉलमध्ये ढवळून घालते. कुत्र्यांच्या जंताच्या गोळीत बहुधा दुसरंही औषध मिसळलेलं असतं, ती नको. अंडी या औषधाने मरत नाहीत, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन वेळा द्यावं लागतं. एकदाच देऊन "बरा झाला" म्हणालात तर अंडी फुटून पुन्हा तेच. आणि हा आजार एका माशाचा नसतो, सगळा टँक धरून उपचार करा.

पोट फुगलं असेल तर चाळीस लिटरला सपाट मोठा चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) आणि दोन दिवस उपास. धडधाकट मोठा डिस्कस आठवडाभर न खाता राहतो, त्याची काळजी नको. नवा मासा आणला तर निदान चार आठवडे वेगळा, आणि शेवटच्या आठवड्यात आपला एक मासा त्याच्यासोबत ठेवून बघा. त्याचं जाळं, त्याचा पाइप, बादली, सगळं वेगळं. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे खाद्य म्हणून विकले जाणारे लाल किडे, मी घरात येऊ देत नाही. ते गटाराच्या गाळात वाढतात.

शेंदऱ्याने तिसऱ्या दिवशी दाणा तोंडात घेऊन थुंकला. पाचव्या दिवशी कोळंबीचा एक कण गिळला. सातव्या दिवशी औषध संपलं, पण त्याला मोठ्या टँकमध्ये मी लगेच सोडलं नाही, आणखी दहा दिवस २९ वर ठेवला. विष्ठा सलग तीन दिवस गडद दिसली आणि मायक्रोस्कोपखाली काही तडतडलं नाही, तेव्हा दिवे मालवून रात्री सोडला. अंधारात सोडलं की बाकीचे त्याला हाणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये फोन वाजला. "जेवला," सासूबाई म्हणाल्या, आणि ठेवला.